बाईंचे शिबिर कसे आठवावे?

या अंकासाठी एकाच विषयावरची तीन पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना सुमारे २० किलोमीटरवर अंजनेरी लागते. तिच्या पायथ्याशी, एका शेतकऱ्याच्या आमराईत, आमच्या लहानपणी दर मे महिन्यात मुलामुलींचे निवासी शिबिर भरत असे. शिबिरप्रमुख म्हणजे नाशिकच्याच एका शाळेतल्या शिक्षिका. मुले, पालक, दूध घालणारे दादा, सगळेच त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. तरुणपणी गाइडच्या, म्हणजे मुलींच्या स्काउट चळवळीच्या, प्रशिक्षणाला जाऊन आलेल्या बाईंनी स्वतःच्या हिमतीवर हे शिबिर उभे केले आणि गुडघे साथ देईनासे झाले तेव्हाच ते थांबवले. काही मुलांना त्या बिनशुल्क आणत, पण ती कोणती हे आम्हांला कधीच कळले नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. पहिल्या स्मृतिदिनी आम्ही जुने शिबिरार्थी जमणार आहोत. कोणी म्हणते अर्धपुतळा उभारू, कोणी म्हणते बाईंच्या नावाने पुरस्कार ठेवू. स्मरणिकेचे काम माझ्याकडे आले आहे. लेख पुष्कळ आले, पण वाचत गेले तसतशी मी अस्वस्थ होत गेले. ‘मातृतुल्य’, ‘शिस्तप्रिय’, ‘संस्कारांची शिदोरी’ हे पानोपानी आहे आणि बाई मात्र कुठेच दिसत नाहीत. रात्री सगळे झोपल्यावर कंदील घेऊन ओळीतून फिरणाऱ्या, एकेकाचे तळवे पाहणाऱ्या आणि काटा दिसला की पदराला टोचलेल्या सुईने तिथेच बसून तो काढणाऱ्या बाई मला आठवतात. त्या या लेखांत नाहीत. एका लेखाचा सूर तेवढा वेगळा आहे. बाईंनी आपल्याला शिबिरातून तिसऱ्याच दिवशी घरी पाठवले आणि ते आपण आजही विसरलेलो नाही, असे त्याने लिहिले आहे. तो छापू नये असा पुष्कळांचा आग्रह आहे. मी काय करावे?

– एक शिबिरार्थी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : कंदील, तळवे आणि पदराला टोचलेली सुई हे आपण लिहिलेले दृश्यच स्मरणिकेच्या पहिल्या पानावर यावे, असे मला मनापासून वाटते. बाईंना कधीही न पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्यातून कितीतरी गोष्टी कळल्या. मुले अनवाणी हिंडत असत. बाई सर्वांत शेवटी झोपत. पाय ठणकत असूनही तक्रार न करणारे एखादे मूल प्रत्येक गटात असते आणि त्याच्याकडे आपणहून जावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. स्तुतीच्या दहा पानांतूनही एवढे कळले नसते.

ज्यांनी लेख पाठवले त्यांचा यात दोष नाही. ‘बाईंविषयी लिहा’ असे म्हटले की माणूस श्रद्धांजलीच्या सभेत बोलल्यासारखे लिहितो, कारण गेलेल्या माणसाविषयी बोलण्याची तीच रीत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणून लेख परत पाठवू नका. त्याच मंडळींना फोन करा आणि बाई कशा होत्या हे न विचारता बाई काय करत असत ते विचारा. पहिल्या रात्री घरच्या आठवणीने कोणी रडू लागले तर बाई काय करत? पंगतीत त्या कुठे बसत, आणि आधी वाढत की आधी जेवत? दोन मुलांचे भांडण झाले की दोघांना एकत्र बोलावत की वेगवेगळे? नाव विसरल्या असे कधी झाले का? घरून पत्र न आलेल्या मुलाशी त्या काय बोलत? असे विचारले की ‘प्रेमळ’ म्हणणारा माणूस क्षणभर थांबतो आणि मग सांगू लागतो की रडणाऱ्या मुलाला बाई स्वयंपाकाच्या ठिकाणी नेऊन तांदूळ निवडायला बसवत, किंवा त्यांनी आणखी काही केलेले असेल तर ते सांगतो. ते जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत उतरवून घ्या. ज्यांना लिहायची सवय नाही त्यांच्याकडून लेख मागूच नका, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. सुरुवातीला दिवस, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने बोलून ठेवा, आणि हे छापले तर चालेल ना, हेही त्याच मुद्रणात विचारून घ्या. जुना फोटो समोर ठेवला तर बोलणे अधिक मोकळे होते. मध्ये शांतता पडली तर घाईने पुढचा प्रश्न विचारू नका, कारण पुष्कळदा मोलाचे काही त्या शांततेनंतरच येते.

आता कोणाला विचारायचे, याविषयी. आपल्या गटात सगळे शिबिरार्थीच दिसतात, आणि शिबिरार्थ्याला बाई दिसत त्या खालून, दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी. पहाटे चुलीपाशी बसून दिवसभराच्या शिध्याचा हिशेब करणाऱ्या बाई त्याला कधी दिसल्याच नाहीत. त्या पाहिल्या असतील त्या स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी, आमराईच्या मालकांनी, सामान पोहोचवणाऱ्या टेंपोवाल्याने आणि बाईंच्या हाताखाली काम केलेल्या ताई-दादांनी. पाऊस अवेळी आला आणि तंबू भिजले त्या रात्री काय झाले, पैसे कमी पडले तेव्हा बाईंनी कोणापुढे शब्द टाकला, एखादे मूल आजारी पडले तेव्हा त्या स्वतः किती घाबरल्या होत्या, हे त्यांनाच माहीत. ही मंडळी आज वृद्ध आहेत. परदेशातले मित्र पुढच्या वर्षीही लेख लिहू शकतील, पण मावशींकडे याच महिन्यात जा, आणि त्यांनी सांगितलेले स्मरणिकेत मागच्या पानांवर ‘ऋणनिर्देश’ म्हणून न टाकता इतरांच्या बरोबरीने, त्यांच्या नावाने छापा.

दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर निवाडा करत बसू नका. एक म्हणेल बाई शिट्टी वाजवून उठवत, दुसरा म्हणेल गाणे म्हणत. दोन्ही खरे असू शकते, कारण शिबिर इतकी वर्षे चालले आणि माणूस बदलत जातो. कोणत्या वर्षीची आठवण आहे ते खाली नोंदवा, म्हणजे बाई तिशीत कशा वागत आणि साठीत कशा, हेही वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.

परत पाठवलेल्या मुलाचा लेख अवश्य छापा. याबाबत माझे मत ठाम आहे. ज्याच्या मनात ते इतकी वर्षे राहिले, आणि तरीही बाईंच्या स्मरणिकेसाठी ज्याने लेखणी उचलली, त्या माणसाचे बाईंशी नाते आपल्यापैकी कोणापेक्षाही उथळ नाही. त्या दिवशी काय घडले हे तेव्हाच्या एखाद्या गटप्रमुखाला विचारा. कारण कळले तर त्याला आधी फोनवर सांगा आणि तो ‘हो’ म्हणाला तरच छापा. न कळले तर त्याचा लेख एकटा उभा राहू द्या. शेकडो मुलांची जबाबदारी वाहणाऱ्या बाईंनी काही निर्णय कठोर घेतले असतील, एखादा चुकलाही असेल, आणि तेही सांगितले तरच बाकीच्या पानांवरच्या चांगुलपणावर अनोळखी वाचकाचा विश्वास बसेल.

आणखी एक काम करण्यासारखे आहे. बाई गाइडच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या, असे आपण लिहिले आहे. त्यांच्या शिबिरात मुलांचे छोटे गट असत का, गटाचा प्रमुख मुलांतलाच असे का आणि रोजची कामे गटांत फिरत असत का, हे पाहा. ही पद्धत मोठ्या प्रवासातून आलेली आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतली मुले होती आणि कामकऱ्यांची मुलेही होती. चार गट करून त्यांना एकत्र राहायला, रांधायला आणि शेकोटीभोवती बसायला लावले गेले. आपल्याकडे १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने सहजीवनाची, श्रमदानाची आणि जातपात विसरून एका पंगतीत जेवण्याची शिबिरे महाराष्ट्रभर नेली, आणि १९५०-५१ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या स्काउट-गाइड संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संस्था झाली. बाईंनी यातले काय उचलले आणि काय स्वतःचे घातले हे शोधता आले, तर महाराष्ट्रातल्या शिक्षणाच्या इतिहासातले एक लहानसे, पण आजवर कोणी न लिहिलेले पान आपल्या हातून लिहिले जाईल. छापून झाल्यावर दोन प्रती १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला नेऊन द्या.

पुतळ्याविषयी थोडक्यात लिहितो. आमराई दुसऱ्याच्या मालकीची आहे, पुतळ्याची निगा पुढे कोण राखणार हे ठरलेले नाही, आणि पायांतले काटे काढण्यासाठी खाली बसणाऱ्या बाईंना चौथऱ्यावर बसवणे मला पटत नाही. पुरस्काराविषयी मात्र सविस्तर विचार करायला हवा. फुकट आलेली मुले कोणती हे बाईंनी शिबिरात कोणालाही कळू दिले नाही. त्यांच्या नावाने गरजू मुलाला व्यासपीठावर बोलावून, पाहुण्यांच्या हस्ते पाकीट देऊन फोटो काढला, तर बाईंनी आयुष्यभर जे कसोशीने सांभाळले तेच आपण त्यांच्या नावाखाली मोडू. पैसे जमवायचेच असतील तर दरवर्षी काही मुलांचे शिबिराचे शुल्क गुपचूप भरा आणि त्यांची नावे दोन-तीन विश्वासू माणसांपलीकडे जाऊ देऊ नका. आपला गट नोंदणीकृत न्यास नसेल, तर धर्मादाय कार्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी घेतात, तशीच. एकाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे घेऊ नका.

प्रश्न : वरील पत्र लिहिणाऱ्या ताईंनी सुचवल्यावरून मीही लिहीत आहे. बाई माझ्या आई. आईच्या कपाटात शिबिराच्या वह्या, शेकडो फोटो, काही कॅसेट आणि मुलांनी नंतर लिहिलेली पत्रे आहेत. वह्यांत प्रत्येक मुलाविषयी टिपणे आहेत. कोणाचे वडील दारू पितात, कोण अंथरूण ओले करतो, कोणाला घरी मार बसतो, असे सगळे त्यांत आहे. आईचे विद्यार्थी प्रेमाने हे सर्व मागत आहेत. नाही म्हणवत नाही आणि द्यायलाही मन धजावत नाही.

– बाईंचा मुलगा, नाशिक

उत्तर : आपले मन धजावत नाही ते योग्यच आहे, आणि ज्यांना आपल्या आईविषयी खरोखर आदर आहे त्यांना ‘नाही’ म्हटल्याचे वाईट वाटणार नाही. त्या टिपणांतली मुले आज पन्नाशीला आलेली असतील, त्यांची मुले-नातवंडे याच गावात असतील. बाईंनी ती माहिती मूल सांभाळण्यासाठी लिहिली होती. तेवढ्या वह्या बाजूला काढून घरीच ठेवा. एखाद्या शिबिरार्थ्याला आपल्यापुरते पान पाहायचे असेल तर एकट्याला बोलावून दाखवा. मी स्वतः त्या नष्ट करण्याचा सल्ला देणार नाही, परंतु तो अधिकार आपला आहे. दिनक्रम, शिध्याचे हिशेब, खेळांच्या याद्या आणि खर्चाच्या वह्या मात्र खुशाल द्या. शिबिर कसे चाले ते त्यांतूनच कळेल.

पत्रांच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा असतो, पण मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा राहतो. म्हणजे मुलांनी आईला लिहिलेली पत्रे आपल्याकडे असली तरी छापण्यापूर्वी त्या-त्या व्यक्तीची परवानगी हवी, आणि आईने इतरांना लिहिलेली पत्रे छापायची तर संमती आपली व इतर वारसांची हवी. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो.

फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ते ओढून काढू नका, फाटतील. पानासकट स्कॅन करून घ्या. सुटे फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले तर मागच्या रांगेतले चेहरेही ओळखू येतात. फोटोच्या मागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने लिहा, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. कॅसेटचे काम मात्र लांबणीवर टाकू नका. चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होत जाते आणि चांगल्या स्थितीतला टेपरेकॉर्डर मिळणेही अवघड होत चालले आहे. एकदाच, जाणकाराकडून ध्वनी संगणकावर उतरवून घ्या आणि त्याच्या प्रती निदान तीन ठिकाणी ठेवा. त्यांतली एक नाशिकबाहेरच्या नातेवाइकाकडे असू द्या. त्या फितींत आईचा आवाज असेल तर तो आधी आपण घरच्यांनीच ऐका. सभेत लावायचा की नाही हे त्यानंतर ठरवा, आणि लावायचा नाही असे वाटले तर कोणालाही कारण देण्याची गरज नाही.

प्रश्न : मी नाशिक रोडच्या एका शाळेत शिकवते. बाईंच्या शेवटच्या काही शिबिरांत मी गटप्रमुख होते. तसेच शिबिर पुन्हा सुरू करावे असे आम्हां चौघीजणींना वाटते. बाईंच्या एका वहीत ‘२० मे, काठी’ एवढेच लिहिले आहे, आणि आम्ही नक्की काय करत होतो ते आता नीट आठवत नाही. शिबिर हुबेहूब तसेच करावे का? आणि बाईंचे नाव द्यावे का?

– एक शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : त्या दोन शब्दांनी मला फार आनंद दिला, कारण त्यांचा अर्थ लावता येतो. नाशिक उत्तर अक्षांश २० अंशांच्या अगदी जवळ आहे. २० मेच्या सुमारास दुपारी सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो आणि जमिनीत सरळ रोवलेल्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. हे बरोबर बारा वाजता होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि नाशिक त्याच्या बरेच पश्चिमेला आहे, त्यामुळे साडेबाराच्या आसपास पाहावे लागते. असाच दिवस जुलैच्या चौथ्या आठवड्यात पुन्हा येतो, पण तेव्हा नाशिकवर ढग असतात. म्हणून मे महिन्यातले शिबिर हीच त्याची वेळ. बाई त्या रात्री मुलांना ध्रुवतारा दाखवत होत्या का, हे इतरांना विचारून पाहा. कारण तोच २० चा आकडा तिथे पुन्हा भेटतो: नाशिकहून ध्रुव क्षितिजापासून सुमारे २० अंशांवर दिसतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठींएवढा वर. दुपारी काठी आणि रात्री मुठी, एवढ्या साधनांवर एखादे मूल आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत हे स्वतः मोजू शकते. बाईंनी हे जाणूनबुजून जुळवले असेल असा माझा तर्क आहे, आणि तो बरोबर असेल तर त्या किती मोठ्या शिक्षिका होत्या हे निराळे सांगायला नको.

हे आणि असे उपक्रम जरूर तसेच ठेवा. बाकी हुबेहूब करण्याचा हट्ट धरू नका. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास जातो, तेव्हा बारा ते चार मुलांना सावलीतून हलवू नका. काठीचा प्रयोगही झाडाखालून पाच मिनिटांपुरते बाहेर येऊन करता येतो. अनवाणी फिरण्याविषयी पालकांना आधी विचारा. सर्पदंशावरचे इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात उपलब्ध आहे, हे शिबिराआधी स्वतः जाऊन पाहून या आणि रात्रभर एक गाडी चालकासह जागेवर ठेवा. मुलींच्या निवासात महिला कार्यकर्त्या मुक्कामाला हव्यात, आणि कोणत्याही मोठ्या माणसाने एखाद्या मुलाला एकट्याला घेऊन आडोशाला जाऊ नये, हा नियम लेखी हवा. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे, हे प्रत्येक ताई-दादाला पहिल्याच बैठकीत सांगा. बाईंच्या काळी ज्या गोष्टी त्यांच्या एकटीच्या नजरेवर चालत, त्या आता चौघींत वाटून, कागदावर लिहून घ्याव्या लागतील. रात्री तळवे पाहण्याची फेरी कोणाकडे, हेही त्या कागदावर लिहा.

नावाविषयी बाईंच्या मुलाला आधी विचारा. त्यांचे पत्र वर आहेच. ते ‘हो’ म्हणाले तरी पहिल्या वर्षी नाव देऊ नका, असे मी सुचवीन. एक शिबिर घ्या, छोटेच, ज्यांची नावे पहिल्या रात्रीपर्यंत पाठ होतील इतक्याच मुलांचे. ते संपल्यावर बाईंच्या काळातल्या मावशींना आणि आमराईच्या मालकांना काय जमले आणि काय राहिले ते विचारा. नाव द्यायचे की नाही हे त्यांचे ऐकल्यावर ठरवा.